अप्पा, तुमचं नाव मी पुसलं नाही

अप्पा, तुमचं नाव मी प्रोग्राममधून पुसलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पाल्हाळ लावलेलं तुम्हाला खपायचं नाही. "आधी काय झालं ते बोल, कसं झालं ते मागून सांग," हे तुमचं रोजचं. तर झालं ते हे. आता कसं झालं ते ऐका, आणि आज मध्ये मध्ये तोंड घालू नका. नाहीतरी ती सोय तुम्हीच बंद करून गेलात.

राग आलाय मला. खोटं कशाला बोलू? मागच्या बुधवारी तुमच्या मागं घातलेली शिवगणाराधना झाली, पंगतीला माणसं लय आली होती, आणि जो तो उठून तुम्हाला देवमाणूस म्हणायला लागला. मी पंगतीत मान खाली घालून बसले होते. देवमाणूस कसले हो? एक नंबरचे हेकट. कॉम्प्युटरच्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे. आठ वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले मी. झरीहून बीसीए करून आलेली दीडशहाणी पोरगी, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी दिलेलं नाव. आठ वर्षांत एकदाही तोंडावर कौतुक केलं नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी घरासमोर तुम्हाला तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून ठेवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. काट्यावरचे रशीदभाई माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "बेटी, बघ कसे बसलेत. आत्ता म्हनतील, आकडा बोल." मला रडू फुटलं ते तिथं.

हे लिहिलेलं चार माणसं वाचतील, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगावं लागणार. कंटाळा आला तरी ऐकून घ्या.

सेलूतला आपला जिनिंग कारखाना. कापूस काट्यावर येतो, वजन होतं, सरकी निघते, रुईच्या गाठी बांधतात. शंभर गाठींचा एक लॉट. प्रत्येक गाठीची कॉम्प्युटरमध्ये एक ओळ: हंगाम, लॉट, गाठीचा नंबर, ओलावा, प्रत, आणि शेवटी तपासणाऱ्याचं नाव. हा प्रोग्राम तुम्ही बनवलात. आधी रजिस्टरं लिहायचात. चाळिशी उलटल्यावर एसटीनं परभणीला जाऊन क्लास लावलात, पोरांच्या मांडीला मांडी लावून बसलात, आणि शिकलात. आज त्या प्रोग्राममधल्या निम्म्याहून जास्त ओळींच्या शेवटी तुमचं नाव आहे.

तर सोमवारी नव्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवे साहेब म्हणजे मालकांनी या हंगामापासून आणलेले मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण घाईचा. जेवतानासुद्धा घड्याळाकडं बघणारा.

"मॅडम," ते म्हणाले, "अप्पांचं वाईट झालं. पण आता सिस्टीम साफ करून घेऊ. त्यांचा युजर डिलीट करा. त्यांच्या नावावरच्या सगळ्या नोंदी 'ऑफिस' या नावावर घ्या. आणि ते जुन्या बदलांचं टेबल आहे ना, ते रिकामं करा. त्यानंच प्रोग्राम रखडतोय. संध्याकाळपर्यंत होईल?"

मी म्हटलं, "अप्पांचा पासवर्ड मी त्याच दिवशी बंद केलाय, साहेब. गेलेल्या माणसाची किल्ली कुणाच्या हाती लागू नये, एवढं कळतं मला."

"गुड. मग बाकीचं करा."

बाकीचं म्हणजे काय, ते त्यांना माहीत नव्हतं. जुन्या बदलांच्या त्या टेबलाला आपण सगळे लाल वही म्हणतो. प्रोग्राममध्ये कुणीही काहीही बदललं की आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणी बदललं, कधी आणि कशासाठी, हे सगळं त्यात आपोआप पडतं. तुमच्या रजिस्टरच्या दिवसांपासूनचा दस्तूर तो. चुकलेलं खरवडायचं नाही, त्यावर गिरवायचं नाही. एक तांबडी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही. "खाडाखोड केली की समजायचं, माणूस काहीतरी झाकायलाय," असं म्हणायचात.

लाल वही रिकामी करा, हे ऐकून आधी तुमची ती तांबडी रेघच डोळ्यापुढं आली. आणि अप्पा, तुमच्यापाशी काय लपवायचं, क्षणभर बरंही वाटलं. कारण त्या वहीत मी आहे. दुसऱ्याच ओळीला.

माझा पहिला हंगाम. लॉट सतराच्या गाठींना ओलावा जास्त निघाला, म्हणून त्यांची प्रत खाली आणायची होती. तुम्ही जेवायला गेला होतात. मी विचार केला, शंभर गाठी काय एकेक करत बसायचं, एका कमांडचं काम. लिहिलं: जिथं लॉट सतरा असेल, तिथं प्रत दुय्यम कर. आणि ऐटीत चालवलं. स्क्रीनवर आलं, नऊशे ओळी बदलल्या.

नऊशे! मला वाटलं, डोळे फिरले. मग डोक्यात उजेड पडला. दसऱ्याला पहिल्या गाडीपुढं नारळ फुटतो आणि लॉटचा नंबर पुन्हा एकपासून सुरू होतो, ही आपल्याकडची रीत. नवा हंगाम, नवा एक नंबर. म्हणजे लॉट सतरा दर हंगामात असतो. नऊ हंगामांचे नऊ लॉट सतरा, सगळ्यांची प्रत मी एका फटक्यात खाली आणून ठेवली होती. अट घातली होती मी, विसरले नव्हते. पण अर्धीच घातली होती. हंगाम लिहायचा राहिला. बिनअटीचा घोळ कुणीही घालील, पण हा असला घोळ दसऱ्याला नारळ फोडून नंबर बदलणाऱ्यांच्या गावातच होऊ शकतो.

तुम्ही हात पुसत आलात. माझं तोंड बघूनच कळलं तुम्हाला. "कामून गं? काय करून बसलीस?"

सांगितलं. तुम्ही कपाट उघडलंत. बॅकअपचा पेनड्राइव्ह काढला, लावला, आणि फाईल उघडलीच नाही. पुन्हा लावला. नाहीच. तीन महिने तुम्ही दर शनिवारी त्यावर बॅकअप घेत होतात आणि डबीत घालून कपाटात जपत होतात. उघडून एकदाही बघितलं नव्हतं. त्या वेळी तुमचा चेहरा पडला तसा मी परत कधी बघितला नाही. "माय वं!" एवढंच म्हणालात.

मग उन्हाळ्यात हंगाम संपून कारखाना बंद झाल्यावर आपण दोघं रजिस्टरं काढून बसलो, प्रोग्राम आल्यावरही तुम्ही हातानं लिहीत राहिलात ती. नऊ हंगामांची. मी वाचायचे, तुम्ही ओळ दुरुस्त करायचात. पत्र्याखाली नुसती भट्टी, आणि कूलरमध्ये पाणी ओतायचं कामही तुम्ही मलाच लावलंत, शिक्षा म्हणून. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "अप्पा, गाठी तर कधीच विकून गेल्या. सूत निघालं, कापड झालं, फाटलंसुद्धा असेल. आता कोण विचारणार हाय?"

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "गाठ गेली. आपला शब्द हितंच हाय की."

ते झालं आणि तुम्ही लाल वही बनवलीत. पहिली ओळ तुम्ही स्वतःची घातलीत: बॅकअप उघडून पाहिला नाही, आणि खाली तुमचं पूर्ण नाव. दुसरी माझी: हंगामाची अट न घालता लॉट सतरा बदलला, नऊशे ओळी. खाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

माझी काय हालत झाली असेल? ऑफिसात कुणालाही उघडता येणारं टेबल ते. नवा माणूस आला की तुम्ही त्याला पहिल्या दिवशी त्याच दोन ओळी दाखवायचात. "हे माझं, हे हिचं." लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. किती वेळा हातापाया पडले, अप्पा? पहिल्या वर्षी रडले. दुसऱ्या वर्षी भांडले. लग्न ठरलं तेव्हा तर म्हटलं होतं, "आहेर काही नको, तेवढी ओळ काढा." तुम्ही आहेर दिलात. चांगली इरकल नेसवलीत. ओळ काढली नाहीत.

"लेकरा," म्हणालात, "चुकलेलं दिसलं म्हणून तुझी इज्जत जात न्हाई. दिसंना झालं की जाती."

मला नाही पटलं. आजही पूर्ण पटलंय असं म्हणणार नाही. चूक दिसावी, ठीक आहे. पण नवख्या पोरापोरींसमोर नावानिशी वाचून दाखवायची काय गरज होती? ते भांडण अर्धंच राहिलं आपलं. राहू दे. मी काही तुम्ही गेलात म्हणून माघार घेणार नाही.

त्याच उन्हाळ्यात आकड्याचा नियम आला. एकापेक्षा जास्त ओळी बदलायच्या असतील, तर बदलणाऱ्यानं आधी मोठ्यानं आकडा बोलायचा: किती ओळी बदलतील असं मला वाटतं. मग नुसतं मोजायचं, बदलायचं नाही. आणि खोलीतल्या दुसऱ्या माणसानं स्क्रीनवरचा आकडा वाचायचा. दोन्ही जुळले तर पुढं. एकानं जरी फरक पडला तर हात बाजूला, आणि फरक का पडला ते सापडेपर्यंत चहासुद्धा नाही. लोकांनी लय टिंगल केली. रशीदभाई तर गेटातून आत येतानाच ओरडायचे, "अप्पा, आकडा बोलतो, एक माणूस आत यायलाय!" तुम्ही हसायचा नाहीत. हसलात असतात तर नियम टिकला नसता, हे मला आता कळतंय.

तर मी केबिनमध्ये उभी. आठ वर्षं जे मी मागत होते, ते साहेब आयतं ताटात वाढून देत होते. एक कमांड, आणि माझी ओळ गेली. कुणाला कळलंही नसतं. मी म्हणाले असते, साहेबांचा हुकूम होता, माझा काय दोष?

आणि अप्पा, माझं डोकं असं फिरलं! तुमच्या वेळी मी रडून मागितलं तर मिळालं नाही, आणि आता तुमची माती ओली असताना कुणीतरी ते मला फुकट देतो? मला नको. तुमच्याशी भांडून मिळालं असतं तर घेतलं असतं. तुमच्या पाठीमागं मला काही नको.

मी म्हटलं, "साहेब, आपल्याकडं एक रीत आहे. आधी आकडा बोलावा लागतो. अप्पांचं नाव काढून 'ऑफिस' घालायचं, तर किती ओळी बदलतील?"

ते घड्याळाकडं बघत म्हणाले, "असतील हजार-दोन हजार. काय फरक पडतो?"

"चला, मोजू."

बाहेर येऊन मी नुसतं मोजायची कमांड चालवली. आणि बाजूला सरकले, त्यांनी स्वतः वाचावं म्हणून. एक लाख चौतीस हजारांच्या वर आकडा होता. साहेब वाचत राहिले. ओठ हलत होते त्यांचे.

"हे सगळं एका माणसानं तपासलंय?"

"एका माणसानं. उभं राहून, हात घालून. आणि तुम्ही म्हणाला होतात हजार-दोन हजार. आकडा जुळला नाही साहेब. जुळला नाही तर कमांड चालवायची नाही. मी चालवणार नाही."

"नाही म्हणजे? मी सांगतोय ना?"

"तुम्ही सांगा. दुसरं कुणी आणा आणि करून घ्या. पण आधी माझं ऐका. उद्या एखादी सूतगिरणी विचारेल, ह्या गाठीची प्रत कुणी लावली? तुम्ही सांगणार, ऑफिसनं. ऑफिस म्हणजे कोण? खुर्ची? पंखा? लाल वही रिकामी केलीत तर आधी काय होतं, हेसुद्धा कुणाला सांगता येणार नाही. त्या वहीत दुसरी ओळ माझ्या चुकीची आहे, वाचा हवं तर. ती जावी म्हणून मी आठ वर्षं रडलेय. मीच नको म्हणतेय, तर तुम्हाला काय घाई लागलीय?"

आवाज चढला माझा. अख्खं ऑफिस बघायला लागलं. बघू दे. मी काय कुणाचं घोडं मारलं होतं?

साहेबांनी उभ्या उभ्याच ती ओळ उघडून वाचली. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण प्रोग्राम रखडतो, त्याचं काय? एका लॉटची प्रत बदलायला माणूस चहा पिऊन येतो. ते मला चालणार नाही."

आता इथं मला तुमची कड घेता आली नाही, अप्पा. कारण त्यांचं खरं होतं, आणि मीही तुम्हाला तेच सांगत होते. तुमचा प्रोग्राम लॉटमधली एक गाठ उचलायचा, बदलायचा, पक्की करायचा, मग दुसरी गाठ. शंभर गाठींना शंभर फेऱ्या. "एकेक ओळ डोळ्याखालून जाऊ दे," हे तुमचं म्हणणं. "अप्पा, मध्येच लाईट गेली म्हणजे? साठ गाठी नव्या प्रतीच्या, चाळीस जुन्या. कुठं शोधत बसायचं?" हे माझं. "म्हनून तर मी कुठवर आलो ते वहीत टिपून ठेवतो," हे पुन्हा तुमचं. काय बोलावं माणसानं! लाईट जाते म्हणून दरवेळी टाचण करणार, पण एकदाच सगळं बांधून करू म्हटलं की तोंड फिरवणार. एका चुकीनं तुम्ही इतके धास्तावलात की घाई आणि वेग यातला फरकच विसरलात. हे तोंडावर म्हणाले होते मी, त्या शेवटच्या शनिवारी. तुम्ही पिशवी उचललीत आणि म्हणालात, "सोमवारी बघू."

बघितलंत सोमवार?

मी साहेबांकडं चार दिवस मागून घेतले. म्हटलं, वेग देते, पण नाव राहणार आणि वही राहणार. ते म्हणाले, बघू. आधी बॅकअप घेतला, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून, चार लॉट वाचून बघितला. मग त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरच सगळे प्रयोग केले, चालत्या प्रोग्रामला हात लावला नाही. लॉटच्या सगळ्या ओळी आता एकाच कमांडमध्ये बदलतात, हंगाम आणि लॉट दोन्ही अटी घातल्याशिवाय ती चालतच नाही. मोजलेला आकडा आणि बदललेला आकडा जुळला तरच पक्कं होतं, नाहीतर सगळं होतं तसं परत. मध्येच लाईट गेली तर एकही गाठ बदललेली नसते. हंगाम आणि लॉट यांची एक सूची बांधली, म्हणजे शंभर गाठी शोधायला दीड-दोन लाख ओळी चाळाव्या लागत नाहीत. मोठं काम असलं, हजारो ओळींचं, तर पाचशे-पाचशेचे तुकडे, म्हणजे बाकीच्यांची कामं अडत नाहीत. लाल वहीतले जुने हंगाम वेगळ्या टेबलात नेऊन ठेवले. नेऊन ठेवले, टाकले नाहीत. तिथंही तुमची ओळ पहिली आणि माझी दुसरीच आहे.

एक गोष्ट मात्र तुमची तशीच ठेवली. मी एक गाठ उघडून बघत असेन आणि तेवढ्यात रशीदभाईंनी काट्यावरून तीच बदलली, तर माझा बदल प्रोग्राम घेत नाही. सांगतो, तू बघितल्यावर ही बदलली, परत बघ. रशीदभाईंनी यावरून तुम्हाला किती बोल लावले होते! "माझं घिनाच तुमचं मशीन, माझ्यावर भरोसा न्हाई का?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "भरोसा तुमच्यावर लय हाय, तुमी बघितलं त्या वेळेवर न्हाई." हे मी चार दिवस उलटंपालटं करून बघितलं. याच्यापेक्षा चांगलं मला सुचलं नाही. ते तुमचंच राहिलं.

शुक्रवारी साहेब मोबाईलमधलं घड्याळ लावून माझ्यामागं उभे राहिले. लॉट बावीस, औंदाचा हंगाम. मी म्हटलं, शंभर. त्यांनी वाचलं, शंभर. कमांड चालवली आणि त्यांचं बोट घड्याळावर पोचेपर्यंत काम झालं होतं. "झालं?" "झालं." "परत करून दाखवा." परत दाखवलं. त्यांनी मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाले, "राहू द्या मग. नाव पण राहू द्या."

जिंकले मी, अप्पा. तुमच्याशीही जिंकले. ऐकायलाव का? मी बरोबर होते, तुमची एकेक ओळीची फेरी चूक होती. आणि माझी जीत मानायला तुम्ही खुर्चीवर नाही. बाजूला वळून बघितलं मी, सवयीनं. असा संताप आला की टेबलावर हात आपटला. असं कुणी भांडण अर्ध्यावर टाकून जातं का?

मग एकच काम उरलं. कर्मचाऱ्यांच्या यादीत तुमची ओळ अजून 'कामावर' दाखवत होती. प्रोग्राममध्ये दोनच पर्याय आहेत, 'कामावर' आणि 'काम सोडलं'. लाईट जाईल, पेनड्राइव्ह मरेल, दोघं एकाच वेळी एकच गाठ बदलतील, सगळ्याचा विचार केलात. माणूस मरेल याचा केला नाहीत. 'काम सोडलं' मी लिहिणार नव्हते. शनिवारी दुपारपर्यंत ओलावा तपासत उभा असलेला माणूस, त्यानं काम सोडलं? कुणी म्हणून तर दाखवावं.

तिसरा पर्याय घालायचा तर शब्द कोणता घालू, हे विचारायला तुमच्या घरी काकूंकडं गेले. त्या निवडायला बसल्या होत्या, ताटात हरभऱ्याची डाळ. म्हणाल्या, "मयत-बियत नको लिहू बाई. लिंगैक्य लिही. आमच्यात तसं म्हणतात." मग थोड्या वेळानं विचारलं, "ते त्या मशीनमधी काय करायचे गं दिवसभर? मला कधी सांगितलंच न्हाई. इचारलं की म्हणायचे, तुला कळायचं न्हाई."

मी सांगितलं. म्हटलं, काकू, एखादी गोष्ट बदलायची असली की आधी ती नीट बघायची, किती जागी आहे ते मोजायचं, तेवढीच बदलायची, आणि आधी काय होतं ते जपून ठेवायचं. हे करायचे.

काकू म्हणाल्या, "एवढंच? हे तर मला कळलं असतं की."

बघा. इतकी वर्षं बायकोला जे सांगितलं नाहीत, ते सांगायला एक ताटभर डाळ निवडून होण्याइतकाही वेळ लागला नाही. याचा मला राग आहेच, तो वेगळा.

आज सकाळी अकराला बसले. साहेब स्वतः उठून मागं आले, मी बोलावलं नव्हतं. एका ओळीला आकडा लागत नाही, तरी मी म्हटलं, एक. त्यांनी स्क्रीन वाचली, म्हणाले, एक. आणि निघून गेले. मी बदल चालवला. तुमच्या नावापुढं लिंगैक्य आलं. पण पक्कं केलं नाही. बदल चालवल्यावर आणि पक्कं करायच्या आधी एक वेळ असते, त्यात अजून सगळं मागं घेता येतं. एक बटण दाबलं की तुम्ही परत कामावर. मी त्या वेळेत बसून राहिले.

पण ती वेळ धरून ठेवायची नसते. ती ओळ तोवर कुलपात असते, आणि जो जो ती यादी वाचायला येईल तो मागं अडतो. काट्यावरची प्रत्येक पावती ती यादी वाचते. दोन मिनिटांत फोन वाजला.

"बेटी, पर्ची निघंना," रशीदभाई. "मशीन अडकलं का?"

"दोन मिनिटं, रशीदभाई."

बाहेर ट्रॅक्टर लागत गेले. गेटापासून रस्त्यापर्यंत. हॉर्न सुरू झाले. पुन्हा फोन. "बेटी, पार नाक्यापर्यंत रांग गेली. काय करायलीस?"

मला माहीत होतं मी काय करतेय. साधी विसरभोळी चूक नव्हती ती. आठ वर्षांत असं मी एकदा जरी केलं असतं तरी तुम्ही कुठंही असलात, जेवत असलात, काट्यावर असलात, तरी तिथून माझ्या नावानं अशी बोंब ठोकत आला असतात की सेलू स्टेशनवर ऐकू गेली असती. सगळा कारखाना धरून ठेवला मी, अप्पा. मुद्दाम. हात मांडीवर ठेवून दाराकडं बघत बसले.

आणखी पाच मिनिटं गेली. कुणी ओरडत आलं नाही.

मग मी पक्कं केलं.